शेजारच्या सीटखालची वायर : प्रस्तावना

गाडीची बहुतेक दुरुस्ती करून बघता येते. ब्रेक शू बदलले की मेस्त्री नाथ पै सर्कलपर्यंत चक्कर मारतो, रिकामा रस्ता बघून दोनदा करकचून ब्रेक दाबतो आणि मग गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करतो. क्लच, एसी, हेडलाइट, वायपर, सगळ्यांची परीक्षा अशीच होते. एअरबॅगची होत नाही. ती फुगते का हे बघायचं तर ती फोडावी लागते, आणि फुटलेली एअरबॅग पुन्हा वापरता येत नाही. जीव वाचवण्यासाठी बसवलेली ही वस्तू गाडीच्या आयुष्यात फार तर एकदा चालायची असते, आणि त्या एका वेळेआधी तिला चालवून बघायची सोय नसते. ती तयार आहे की नाही हे सांगणारा साक्षीदार एकच, मीटरमधला एअरबॅगचा दिवा. चावी फिरवली की तो लागतो, काही सेकंदांत कंट्रोल युनिट आपली सगळी सर्किट तपासून घेतं, आणि सगळं जागच्या जागी असेल तर दिवा विझतो. तो विझलाच नाही, चालता चालता लागला, किंवा मुळात लागलाच नाही, तर साक्षीदाराला काही सांगायचं आहे. त्याचं तोंड बंद करायचं की त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं, हा प्रश्न आता बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या छोट्या गॅरेजांपुढंही रोज येतो.

या पुस्तिकेनं त्यातला एकच कोपरा निवडला आहे : ड्रायव्हरच्या शेजारची सीट. कारण साधं आहे. ड्रायव्हरची एअरबॅग स्टिअरिंगमध्ये असते, आणि तिचा दिवा लागला की बहुतेक मेस्त्री आता क्लॉक स्प्रिंगकडं बोट दाखवतात, आणि बऱ्याचदा ते बरोबर असतं. शेजारच्या सीटच्या बाबतीत असा एक ठरलेला गुन्हेगार नाही. तिथं सीट पुढंमागं सरकते, खालच्या वायरी तिच्याबरोबर ओढल्या जातात, माणसं चिखलाचे पाय ठेवतात, पाण्याची बाटली गडगडत जाऊन रुळाखाली अडकते, एसीचं पाणी गळतं, कव्हरवाला सीट काढून पुन्हा बसवतो. इतक्या शक्यता असल्या की अंदाजानं पार्ट बदलायचा मोह होतो. पार्ट महाग असतो, अंदाज चुकतो, आणि शेवटी वैतागून दिवाच काढून टाकला जातो. तो शेवटचा टप्पा येऊ नये म्हणून हे लेखन.

ही सीट आपल्याकडं एवढी महत्त्वाची कधी झाली, ते तारखांतून कळतं. एअरबॅगची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक यांना 1953 मध्येच तिचं पेटंट मिळालं होतं. पण टक्कर झाली हे क्षणात ओळखणारा सेन्सर आणि क्षणात वायू सोडणारं साधन जमून यायला पुढची कित्येक वर्षं गेली. भारतात साध्या गाडीत ती आली ती कायद्याच्या रेट्यानं. 1 जुलै 2019 पासून तयार होणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर, वेगाचा इशारा आणि पुढच्या दोन्ही सीटांसाठी पट्ट्याची आठवण करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग त्यानंतर. मार्च 2021 च्या अधिसूचनेनं ती नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली, आणि आधीपासून बनत असलेल्या मॉडेलना मुदत वाढवत वाढवत 31 डिसेंबर 2021 पर्यंत सवलत मिळाली.

या तारखा वकिलापेक्षा मेस्त्रीच्या जास्त कामाच्या आहेत. 2019 च्या मध्यापासून 2021 च्या अखेरीपर्यंतच्या कितीतरी स्वस्त मॉडेलमध्ये शेजारच्या सीटखाली माणूस ओळखणारी चटई आहे, पण समोर डॅशबोर्डमध्ये एअरबॅगच नाही. म्हणून गाडी दारात आल्यावर स्कॅनर काढायच्या आधी पहिला प्रश्न हा, की या गाडीला शेजारची एअरबॅग आहे का? डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला एसआरएस किंवा एअरबॅग असं कोरलेलं आहे का? सनशेडवर इशाऱ्याचं स्टिकर आहे का? दुसरा प्रश्न, लागलेला दिवा नक्की कोणता? पट्टा बांधा असं सांगणारा, की एअरबॅगचा? गिऱ्हाईक दोन्हींना 'सेन्सरचा दिवा' म्हणतं. दोन्हींचं मूळ एकाच सीटखाली असू शकतं, पण दोन्हींचा धोका सारखा नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांपैकी 16,715 जणांनी पट्टा बांधलेला नव्हता. त्यात ड्रायव्हर 8,384 आणि बाकीचे 8,331 प्रवासी. म्हणजे पट्ट्याविना गेलेल्यांत निम्मे गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते. त्याच वर्षी 4 सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधला नव्हता, असं तपासात पुढं आलं. त्यानंतर सहा एअरबॅगांच्या सक्तीची चर्चा घरोघरी झाली. ती सक्ती पुढं ढकलली गेली आणि शेवटी बारगळली, पण 1 ऑक्टोबर 2023 पासून टक्कर-चाचणीवरून मिळणारे भारत एनकॅपचे तारे आले, आणि तारे विकले जातात म्हणून कंपन्या आपणहून जास्त एअरबॅगा देऊ लागल्या. परिणाम असा, की पूर्वी फक्त महागड्या गाडीत दिसणारी एअरबॅगची पिवळी वायर आज वडगावच्या गल्लीत उभ्या असलेल्या साध्या हॅचबॅकच्या सीटखालीही आहे.

त्या सीटखाली काय काय असतं ते आधी डोळ्यांसमोर आणू. पहिली वस्तू गादीखालची चटई. स्वस्त गाड्यांत ती साधा स्विच असते. वजन पडलं की आतले पट्टे एकमेकांना टेकतात आणि गाडीला कळतं की कुणीतरी बसलं आहे. माणूस बसला की साड्यांचा गठ्ठा ठेवला, हे तिला कळत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत या चटईचं काम पट्ट्याची पिपाणी वाजवण्यापुरतं आहे. दुसरी वस्तू महागड्या किंवा आयात गाड्यांत दिसते. तिथं खरोखर वजन मोजलं जातं : गादीखालच्या द्रवाच्या पिशवीतला दाब बघून, किंवा सीटच्या चार पायांतल्या लोडसेलवरून. बसलेला माणूस मोठा की लहान मूल हे त्यावरून ठरतं, आणि मूल असेल तर समोरची एअरबॅग बंद ठेवली जाते. अशा सीटची गादी उसवली, कव्हर बदललं किंवा बोल्ट सैल करून पुन्हा आवळले, तर शून्य पुन्हा ठरवून द्यावं लागतं. तसं केलं नाही तर काहीही तुटलेलं नसताना दिवा लागतो.

तिसरी वस्तू बकलमधला स्विच, पट्टा लागला की नाही हे सांगणारा. चौथी, पट्टा आवळणारा प्रीटेन्शनर. तो बहुतेक गाड्यांत दाराशेजारच्या खांबात असतो, काहींत बकलच्या मुळाशी. त्यातही एअरबॅगसारखीच स्फोटक पुडी असते हे अनेकांच्या गावी नसतं. पाचवी, सीटच्या पाठीत दाराच्या बाजूला शिवलेली साइड एअरबॅग, जिथं असेल तिथं. खांबातला प्रीटेन्शनर सोडला तर या सगळ्यांच्या वायरी सीटखालच्या कपलरमधून जातात, आणि एअरबॅगचा कपलर सहसा पिवळा असतो. हा पिवळा रंग शोभेसाठी नाही. हात लावण्याआधी थांब, असा त्याचा अर्थ आहे.

या सर्किटचा स्वभाव बाकी वायरिंगपेक्षा वेगळा आहे. एअरबॅगच्या ठिणगीच्या तारेचा रोध साधारण दोन-तीन ओम असतो. कंट्रोल युनिट अगदी बारीक प्रवाह सोडून तो सतत मोजत असतं. डोअर स्विचच्या वायरीत एक-दोन ओम वाढले तर कुणाला पत्ताही लागत नाही. इथं तेवढ्यावर दिवा लागतो. कपलरच्या पिनेवर आलेला हिरवा गंज, अर्धवट बसलेलं लॉक, मागं सरकलेली एक पिन, एवढं पुरे होतं. सूक्ष्म वाटणारी ही कसर टकरीच्या वेळी सूक्ष्म राहत नाही. टक्कर झाल्यापासून एअरबॅग फुगेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास संपतो. डोळ्याची पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. त्या क्षणी लूज कॉन्टॅक्टला दुसरी संधी नसते.

बेळगावच्या हातांना मोजमाप नवीन नाही. उद्यमबागेतल्या लेथवर मायक्रॉनचा हिशेब करणारी, फाउंड्रीतल्या ओतकामाचा दोष ठोकून आवाजावरून ओळखणारी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या घडली. गॅरेजमधला जुना मेस्त्रीही तसाच. बोनेट उघडायच्या आधी इंजिनाच्या ठोक्यावरून टॅपेट सांगणारा. पण एअरबॅगचं सर्किट ठोका देत नाही, गळत नाही, तापत नाही, वास सोडत नाही. कान, नाक आणि हात या तिन्हींचं इथं काही चालत नाही. इथं चालतो तो क्रम, आणि तो कागदावर असावा लागतो. कंपन्यांची मॅन्युअल इंग्रजीत आणि हेल्परच्या हाती न लागणारी. म्हणून हा क्रम मराठीत, गॅरेजमध्ये जे शब्द बोलले जातात त्याच शब्दांत मांडला आहे.

क्रमाची सुरुवात गिऱ्हाइकाच्या बोलण्यापासून होते. दिवा कधीपासून लागतो, त्याच्या आधी गाडीचं काय काय केलं, हे खोदून विचारावं. कव्हर बदललं? गाडी आतून धुतली? म्युझिक सिस्टीम बसवली? बॅटरी उतरली होती? उत्तरातच निम्मं निदान असतं. सगळ्यात नेहमीची गोष्ट सीट कव्हरची. कव्हरवाला सीट बाहेर काढण्यासाठी पिवळा कपलर सोडवतो, आणि मधेच कुणीतरी गाणी लावायला चावी फिरवतो. कंट्रोल युनिटला दिसतं की एक सर्किट तुटलं. ते कोड लिहून ठेवतं. सीट बसली, कपलर लागला, तरी अनेक गाड्यांत दिवा तसाच राहतो. इथं बिघाड काहीच नाही. पण हे सिद्ध झाल्याशिवाय कोड पुसायचा नाही, कारण त्याच गडबडीत कपलर अर्धवट बसलेला असू शकतो.

मग स्कॅनर. खिशात मावणारा, मोबाइलला जोडला जाणारा स्वस्त रीडर बहुतेक वेळा इंजिनाचे, म्हणजे पी अक्षरानं सुरू होणारे कोड वाचतो. एअरबॅगचे कोड सहसा बी अक्षराचे असतात आणि ते वाचायला त्या कंपनीच्या एअरबॅग युनिटशी बोलू शकणारा स्कॅनर लागतो. 'कोड नाही आला' आणि 'माझ्या स्कॅनरला कोड वाचता आला नाही' या दोन गोष्टींत फार अंतर आहे. कोड आला की तो पूर्ण उतरवून घ्यावा, शेवटच्या आकड्यांसकट. तो आत्ताचा आहे की जुना साठलेला, हेही लिहावं. रोध जास्त, रोध कमी, वायर अर्थला टेकली, वायर बॅटरीच्या पुरवठ्याला टेकली, हे चार वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी आहेत. बॅटरी मरगळलेली असेल तर कमी व्होल्टेजमुळंही कोड येतात, म्हणून बॅटरी आधी तपासावी. त्याला फार तर पाच मिनिटं लागतात.

यानंतरची पायरी हात न लावता करायची आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती वगळली जाते. स्कॅनरवर चालू आकडे बघता येत असतील तर ते उघडे ठेवून रिकामी सीट हळूहळू पुढंमागं सरकवावी. आकडा एखाद्या ठरावीक जागी उडी मारत असेल तर दोष त्या जागी ताणल्या जाणाऱ्या वायरीत आहे, हे काहीही न उघडता कळतं. बकलचा स्विचही तसाच, पट्टा लावून-काढून बघता येतो.

उघडायची वेळ आली की चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली, आणि मग थांबायचं. कंट्रोल युनिटमध्ये एक कपॅसिटर असतो. टकरीत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून तो वीज साठवून ठेवतो. ती ओसरायला वेळ लागतो. कुठल्या कंपनीचं मॅन्युअल दीड मिनिट सांगतं, कुठल्या कंपनीचं तीन, काही त्याहून जास्त. जी गाडी समोर आहे तिचा आकडा पाळावा, आणि माहीत नसेल तर जास्तीचा धरावा. एअरबॅगच्या किंवा प्रीटेन्शनरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावून ओम मोजायचे नाहीत. मीटरचा प्रवाह अगदी थोडा असतो असा युक्तिवाद केला जातो. पण कंपन्यांनी ही मनाई उगीच लिहिलेली नाही, आणि ज्याच्या चेहऱ्यासमोर ती वस्तू असते त्यानं तरी युक्तिवाद करू नये.

मग मोजायचं कसं? एअरबॅगच्या जागी तेवढ्याच ओमचा रेझिस्टर लावून. कपलर सोडवून हार्नेसच्या बाजूला रेझिस्टर जोडला, बॅटरी लावली, गाडीबाहेर उभं राहून चावी फिरवली, आणि कोड 'आत्ताचा' न राहता 'जुना' झाला, तर वायरिंग निर्दोष आहे आणि दोष सोडवलेल्या बाजूला आहे. कोड तसाच राहिला तर दोष युनिटपासून कपलरपर्यंतच्या वाटेत आहे. हजारो रुपयांचा पार्ट मागवण्याआधी काही रुपयांच्या तुकड्यानं मिळालेला हा पुरावा आहे.

इथं एक सापळा आहे, आणि चांगले चांगले वायरमन त्यात सापडतात. अनेक पिवळ्या कपलरच्या आत एक छोटी पत्ती असते. कपलर सुटला की ती दोन पिना आपणहून एकमेकींना जोडते, अंगावरच्या स्थिर विजेनं एअरबॅग उडू नये म्हणून. ज्याला हे ठाऊक नाही तो सुटलेल्या कपलरवर कंटिन्यूइटी बघतो, मीटर टुंई करतो, आणि तो जाहीर करतो की वायर शॉर्ट आहे. मग चांगलं हार्नेस कापलं जातं. वायर खरोखर खराब असेल तरीही ती कापून, पिळून, टेप गुंडाळायचा आपला नेहमीचा उपाय इथं चालणार नाही. कंपनीनं दिलेल्या पद्धतीनंच जोड द्यावा, नाहीतर तेवढं हार्नेस बदलावं.

आता आपल्या भागाविषयी. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं. कोल्हापूर, सांगली, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात तेव्हा किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. खुद्द वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाला दर मोठ्या पावसाळ्यात फुगतो. पाणी गाडीत शिरलं की सगळ्यात आधी पोचतं सीटखालच्या कपलरपर्यंत, आणि थोडं वर चढलं की गिअरच्या आसपास बसवलेल्या कंट्रोल युनिटपर्यंत. अशी गाडी उन्हात वाळवली, गालिचा बदलला, अत्तर मारलं, की ती नवी दिसते. पिनांवरचा गंज मात्र सावकाश काम करत राहतो आणि पुढच्या आषाढात, मंगाईच्या यात्रेच्या सुमारास, हवा दमट झाली की दिवा लागतो. दोन आठवड्यांनी ऊन पडतं, दिवा जातो, आणि मालक म्हणतो आपोआप बरं झालं. येणारा-जाणारा कोड हा बरा झालेला कोड नसतो. बुडालेलं कंट्रोल युनिट तर वाळवून वापरायचंच नसतं, ते बदलायचं असतं.

पूर नसतानाही पाणी येतं. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या बहुतेक गाड्यांत एसीचा कूलिंग कॉइल डाव्या बाजूला, म्हणजे शेजारच्या माणसाच्या पायांच्या वर असतो. त्याची निचऱ्याची नळी चिखलानं बुजली की थेंब आत पडू लागतात. गालिचा वरून कोरडा आणि खालून चिंब, अशी अवस्था महिनोन्‌महिने राहते. चोर्ला घाटातून गोव्याला सतत ये-जा करणाऱ्या गाड्यांत तांबडी माती आणि समुद्राची दमट हवा या दोन्हींची भर पडते. तेव्हा शेजारच्या सीटचा कोड आला की हाताचा तळवा गालिच्याखाली घालून बघणं ही निदानाचीच पायरी समजावी. शेताला लागून असलेल्या गल्लीत गाडी उभी राहत असेल तर उंदराच्या दातांचीही खूण शोधावी.

वडगावची आणखी एक खास गोष्ट. माग आणि साड्यांचा धंदा असलेल्या घरांत शेजारची सीट अर्धा वेळ माल वाहते. गठ्ठा ठेवला की चटईला वाटतं माणूस बसला, आणि पिपाणी सुरू होते. त्यावर बाजारात मिळालेला उपाय म्हणजे बकलमध्ये अडकवायची खोटी पट्टी. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना या पट्ट्या विकायला बंदी केली आणि अशा 13,118 नोंदी काढून टाकायला लावल्या. गल्लीतल्या ॲक्सेसरीच्या दुकानांत त्या अजून दिसतात. त्या पट्टीनं गाडीला खोटं सांगितलं जातं की माणूस बांधलेला आहे. पट्टा बांधला आहे की नाही हे धरून एअरबॅग कधी उडवायची ते ठरवणाऱ्या गाड्या आहेत. तिथं हे खोटं अंगाशी येतं. गठ्ठा ठेवायचाच असेल तर मागच्या सीटवर ठेवावा, किंवा पुढं ठेवून खरा पट्टा त्याच्यावरून लावावा. फुकटचा उपाय आहे.

आणि मांडीवरचं मूल. लग्नाला, जत्रेला, दवाखान्याला जाताना आई पुढं बसते आणि लेकरू मांडीवर घेते, हे आपल्याकडं सर्रास. एअरबॅग ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगानं बाहेर येते, आणि तेव्हा आई व एअरबॅग यांच्यामध्ये ते मूल असतं. मागं तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नसते, हा इशारा सनशेडवर चित्रासकट छापलेला असतो. एअरबॅग दुरुस्त करून देणाऱ्यानं हे एक वाक्य गिऱ्हाइकाला सांगितलंच पाहिजे. नाहीतर आपण दुरुस्त केलेली वस्तूच इजा करेल.

कुठलाही पार्ट उघडण्याआधी आणखी एक काम आहे, रिकॉल बघण्याचं. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीनं एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये दोष असण्याच्या शक्यतेवरून 17,362 गाड्या परत बोलावल्या, आणि पार्ट बदलेपर्यंत गाडी न चालवण्याचा सल्ला मालकांना दिला. जगभर गाजलेलं ताकाता प्रकरण तर उष्णता आणि दमटपणामुळं इन्फ्लेटरमधलं रसायन बिघडण्याचंच होतं. अशा वेळी कंपनी पार्ट फुकट बदलून देते. चॅसी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर बघितलं की आपली गाडी त्यात आहे का ते कळतं. जो खर्च कंपनीनं करायचा आहे तो गिऱ्हाइकाच्या बिलावर चढवणं बरं नव्हे.

आता नको असलेल्या विषयाकडं. दिव्याचा बल्ब काढून टाकणं, दिव्याची वायर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडणं, आणि एअरबॅगच्या जागी कायमचा रेझिस्टर बसवून डॅशबोर्डचं झाकण लावणं, हे तिन्ही प्रकार जुन्या गाड्यांच्या बाजारात चालतात. केए 22, एमएच 09, जीए, सगळ्या पाट्यांच्या गाड्या या सीमाभागात हातोहात फिरतात, आणि त्यांतल्या काहींचा अपघाताचा इतिहास दोन राज्यांच्या मध्ये हरवतो. निदानासाठी दहा मिनिटं लावलेला जो रेझिस्टर अवजार असतो, तोच कायमचा ठेवला की फसवणूक होतो. कंट्रोल युनिट खूश, दिवा विझलेला, आणि डॅशबोर्डमागं काहीच नाही. 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी नामांकित कंपन्यांच्या नावाच्या शेकडो बनावट एअरबॅगा पकडल्या. तेव्हा स्वस्तात मिळालेली एअरबॅग हाही उपाय नाही. जुनी गाडी घेणाऱ्यानं एवढं तरी बघावं : चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतो का, आणि इंजिन चालू न करताही तो आपला आपण विझतो का. इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझत असेल तर गाडी दुसऱ्याला दाखवून घ्यावी.

छोट्या गॅरेजनं हे सगळंच करावं असं या पुस्तिकेचं म्हणणं नाही. कोड वाचणं, बॅटरी आणि कपलर तपासणं, ओल शोधणं, रेझिस्टरनं दोषाची बाजू ठरवणं, इथपर्यंत हत्यारं आणि शिस्त असेल तर वडगावातही होतं. नवं कंट्रोल युनिट बसवून प्रोग्रॅम करणं, वजन मोजणाऱ्या सीटचं शून्य ठरवणं, उडालेला प्रीटेन्शनर बदलणं, ही कामं ज्याच्याकडं त्या कंपनीचं साधन आहे त्याच्याकडंच पाठवावीत. 'हे माझ्याकडं होणार नाही' असं म्हणणारा मेस्त्री कमी पडलेला नसतो. त्यानं निदानाचा कागद बरोबर दिला असेल तर पुढच्याचं निम्मं काम त्यानंच केलेलं असतं.

पुढच्या पानांत पहिल्या भागात सीटखालच्या सर्किटची रचना आहे, दुसऱ्यात कोडांचे प्रकार आणि त्यांचा अर्थ, तिसऱ्यात वर सांगितलेला क्रम पायरीपायरीनं, आणि शेवटी गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल असा नोंदीचा नमुना. आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला समोर ठेवून तो लिहिला आहे. ज्याला इंजिन येतं पण पिवळ्या वायरीची भीती वाटते, त्या मेस्त्रीलाही तो चालेल. भीती पूर्ण जावी अशी अपेक्षा नाही. थोडी राहिलेली बरी.

मेस्त्री लोकांना एकच विनंती. बिलावर 'एअरबॅग लाइट काम' असं मोघम लिहू नका. कोड कोणता होता, आत्ताचा की जुना, मोजलेला आकडा आधी किती आणि नंतर किती, काय बदललं आणि काय नुसतं साफ केलं, हे चार ओळींत लिहा आणि खाली सही करा. आणि गाडीच्या मालकांनो, दिवा विझला एवढ्यावर पैसे देऊ नका. तो का लागला होता, हे कागदावर मिळालं की द्या.

वडगाव, बेळगाव